तुमच्याकडे ऊन किती?
वाचकांची पत्रं, भूगोलाच्या बाईंची उत्तरं

या खेपेच्या टपालात नेहमीचे अभ्यासाचे प्रश्न कमी आणि मित्रमैत्रिणींचे प्रश्न जास्त आले. कुणाची मैत्रीण इंग्लंडात, कुणाचा मित्र ॲरिझोनात, आणि सगळ्यांचं बोलणं येऊन थांबतं ते उन्हावर. मला या पत्रांचा फार आनंद झाला. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तशी पत्रं बऱ्याच जणींची आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही चौघी अकोल्याच्या एकाच शाळेतल्या. आता एकजण इंग्लंडात लीड्सला मुलाकडे असते, एकजण दुबईत, एकजण मेलबर्नला आणि मी इथेच, जठारपेठेत. आमचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, पण सकाळची फुलं आणि वाढदिवसाचे केक यापलीकडे त्यावर काही नसतं. गेल्या जुलैत लीड्सवालीनं लिहिलं, 'आज ३२ अंश, जीव नुसता कासावीस झालाय.' मी लगेच लिहिलं, 'अगं, ३२ ला आम्ही शाल पांघरतो!' बाकीच्या दोघी हसल्या. तेव्हापासून ती हवेचं काही लिहीत नाही, खरं तर फारसं काहीच लिहीत नाही. मनाला लागून राहिलंय. पण लिहू तरी काय? माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही घडतच नाही. — एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, तिला आजच लिहा आणि एकच विचारा, 'तुझ्या खोलीत पंखा आहे का गं?' बहुतेक उत्तर येईल, नाही. तिथून बोलणं सुरू होईल.

आकडा ३२ चाच असला तरी त्याच्याभोवतीचं घर वेगळं असतं. इंग्लंडातली घरं थंडीसाठी बांधलेली. भिंतींत ऊब धरून ठेवणारा थर, पायाखाली गालिचा, छताला पंख्याचा हूकसुद्धा नाही. एसी तर फारच थोड्या घरांत. हिवाळ्यात ऊब बाहेर जाऊ नये म्हणून जे जे केलेलं असतं, तेच जुलैत अंगावर येतं. आत शिरलेली धग रात्रीही निघत नाही. त्यात दिवसाची लांबी बघा. जूनच्या शेवटी लीड्सला सूर्य पहाटे पावणेपाचच्या आत उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो. सतरा तास ऊन. आपल्या अकोल्याचा मोठ्यात मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आत संपतो. तिथली बाई रात्री नऊला पडदे ओढून बसलेली असते, तेव्हाही पश्चिमेच्या काचेतून ऊन आत येत असतं.

देशही त्याच हिशेबानं उभा आहे. तिथले रेल्वेचे रूळ साधारण २७ अंश तापमान धरून ताणून बसवतात, आपल्याकडचे त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला. म्हणून तिथे तिशी ओलांडली की गाड्यांचा वेग कमी करावा लागतो. त्यांचं हवामान खातं सलग तीन दिवस २५ ते २८ अंशांची मर्यादा गाठली की उष्णतेची लाट म्हणतं. नेमका आकडा भागाप्रमाणे बदलतो. आपलं हवामान खातं मैदानी भागात निदान ४० अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा थेट ४५ अंश, असं असल्याशिवाय तो शब्द वापरत नाही. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबी इथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटनमध्ये ४० ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याला तो एप्रिलमधला साधा दिवस वाटेल, पण त्यांच्याकडे १८ आणि १९ जुलैसाठी पहिल्यांदाच उष्णतेचा लाल इशारा दिला गेला होता.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या, जुलैत अकोल्याचाही पारा तिशी-बत्तिशीतच असतो. फरक एवढाच की आपण तोवर मार्च, एप्रिल, मे अंगावर काढलेले असतात. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं. तुमच्या मैत्रिणीच्या शरीराला ती सवय करायला सवडच मिळत नाही. तिकडची लाट चार दिवसांत येते आणि जाते. तीस वर्षांपूर्वी ती अकोल्यात ४५ अंशांत सायकलनं शाळेत जात असेलही, पण ती सवय शरीर जपून ठेवत नाही. तेव्हा तिचं कासावीस होणं अगदी खरं होतं.

हे मी इतकं लावून धरते आहे, त्याला कारण आहे. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसं गेली. त्यांत म्हातारी आणि एकटी राहणारी माणसं फार होती. ऑगस्ट म्हणजे त्यांचा सुट्टीचा महिना, घरचे बाहेरगावी गेलेले. त्यानंतर तिथल्या नगरपालिकांनी एकट्या वृद्धांच्या नावांच्या याद्या केल्या. लाट आली की त्या यादीतल्या माणसांना फोन जातो, 'कशा आहात? पाणी प्यालात का?' आपण जिला नुसती हवापाण्याची गप्पा म्हणतो, ते काम तिथे सरकारनं अंगावर घेतलं. तुमच्या चौघींचा ग्रुप हे काम कुणी न सांगता करू शकतो.

आता दुबईवालीला काय विचारायचं? नळाचं विचारा. गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की जुलै-ऑगस्टमध्ये तिथे थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. म्हणून पुष्कळ घरांत गीझर बंद ठेवतात आणि त्यात मुरलेलं पाणीच गार म्हणून वापरतात. बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते का, तेही विचारा. तिथला उन्हाळा आपल्यासारखा कोरडा नाही. आखाताचं पाणी पार तिशीपलीकडे तापतं आणि किनाऱ्याची हवा रात्रीही ओली राहते. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथे कायद्यानं बंदी आहे. तिच्या खिडकीसमोर इमारतीचं काम चाललं असेल, तर तेवढा वेळ क्रेन थांबलेली तिला दिसत असेल. ऑगस्टच्या शेवटी तिकडची माणसं पहाटे सुहैल ताऱ्याची वाट बघतात; तो दिसला की उन्हाळा उतरणीला लागला असं मानतात. सुहैल म्हणजे आपला अगस्ती, ज्याच्या उदयानं नदीचं गढूळ पाणी निवळतं असं आपले जुने लोक सांगतात. अकोल्याहून आणि दुबईहून तो दक्षिणेला, क्षितिजापासून थोडाच वर दिसतो. मेलबर्नहून तो कधी मावळतच नाही आणि लीड्सहून कधीच उगवत नाही.

मेलबर्नच्या मैत्रिणीकडे आता उन्हाळा नाहीच, १ जूनपासून तिचा हिवाळा. तिला डिसेंबरात विचारा. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून घर घेताना लोक उत्तरेची खिडकी शोधतात. ऊन आपल्यापेक्षा सौम्य असेल असं समजू नका. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नला ४६.४ अंश होते आणि त्याच दिवशी व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांत १७३ माणसं गेली. तिथे वारा फिरला की तासाभरात पारा पंधरा-वीस अंशांनी उतरू शकतो. सकाळी सुती कपड्यात बाहेर पडलेल्या माणसाला संध्याकाळी स्वेटर लागतो. असा वारा फिरतो त्या दिवशी तिला लिहायला सांगा. अकोल्यात बसून ते वाचायला काय मजा येईल!

राहिला प्रश्न तुमच्या दिवसाचा. ताई, कूलरच्या ताट्या बदलल्या का? यंदा कुरड्या किती किलोच्या घातल्या, आणि गच्चीवर राखण कुणी केली? नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते कडक नऊ दिवस, लागला तेव्हा दुपारी गल्लीत कोण दिसलं? बाजारात कैरी काय भावानं होती? हे घडत नाही असं कसं म्हणता? तुम्हाला ते रोजचं आहे; तिकडच्या तिघींसाठी ती माहेरची बातमी आहे. नमुना म्हणून एक लिहून देते : 'आज चिक शिजवला. पहाटे पाचला गच्चीवर गेलो तर गार वारा होता, सातला पाय टेकवेना. शेजारच्या काकूंचा सोऱ्या आणला, तो दोनदा अडकला. साखर घालून वाटीभर चिक खाल्ला आणि तुझी आठवण आली, तुला तळाची खरवड लागायची.' एवढं पुरे. फुलांच्या चित्राला उत्तर म्हणून हात जोडलेले येतात. या निरोपाला उत्तर म्हणून चार ओळी येतील.

चौघींना एकदम बोलायचं असेल तर मे महिन्यात तुमच्या दुपारी दीड वाजता फोन लावा. लीड्सला सकाळचे नऊ, दुबईला बारा आणि मेलबर्नला संध्याकाळचे सहा झालेले असतात. एरवीही त्या वेळेला अकोल्यात कुणी घराबाहेर पडत नाही. बोलताना कूलर मात्र बारीक करा, पलीकडे फक्त घरघर ऐकू जाते.

माझी एक वर्गमैत्रीण लग्न करून नैरोबीला गेली. निळ्या एरोग्रामवर तिची पत्रं यायची. विषुववृत्ताजवळचं शहर म्हणून मला वाटे, तिथे बारा महिने कडक ऊन. ती जुलैत लिहायची, 'आठवडा झाला सूर्य नाही, स्वेटर काढलेला नाही, दोरीवरचे टॉवेल अजून ओलेच.' नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि जुलै हा तिथला सर्वांत गार महिना. हे पुस्तकातही होतं; पण वर्गात मुलांना ते समजलं ते त्या टॉवेलांमुळे. मी ते पत्र दरवर्षी वाचून दाखवायची.

प्रश्न : माझा मित्र अमेरिकेत फिनिक्स शहरात आहे. तो सांगतो, 'आज ११० होतं', मी सांगतो, 'सोलापूरला ४३'. मग कुणाकडे जास्त यावर आमची पैज लागते. त्याचं ११० म्हणजे नेमकं किती? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमची पैज बरोबरीत सुटली. ११० फॅरनहाइट म्हणजे ४३.३ सेल्सिअस. सूत्र आठवत बसण्यापेक्षा एवढं लक्षात ठेवा : ८६ म्हणजे ३०, ९५ म्हणजे ३५, १०४ म्हणजे ४०, ११३ म्हणजे ४५. त्यांचे नऊ वाढले की आपले पाच वाढतात.

पण त्याच्या बाजूनंही एक सांगायला हवं. सोलापूरला ४३ चे दिवस येतात आणि जून लागला की ढग येतात. फिनिक्सला २०२३ मध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा ११० किंवा त्याच्या वर होता. रस्त्याच्या डांबरावर पडून भाजलेली माणसं तिथे उन्हाळ्यात दवाखान्यात येतात. कुत्र्याला फिरवायला न्यायचं तर त्याच्या पायात बूट घालतात. तेव्हा आकड्याऐवजी त्याला विचारा, गाडीचं स्टिअरिंग हाताला सोसतं का, पोरं खेळायला कधी बाहेर पडतात.

तुमच्या दोघांत सारखं बरंच आहे. हवा कोरडी असल्यामुळे आपल्यासारखे पाण्याचे कूलर तिकडेही चालतात, आणि ढग आले की तिकडेही कुचकामी होतात. त्यांच्याकडेही मान्सून आहे, शब्दही तोच. १५ जून ते ३० सप्टेंबर हा तिथला ठरवलेला मोसम. मात्र फिनिक्सला वर्षाकाठी २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपण सोलापूरचा पाऊस अपुरा म्हणतो, तरी तो त्याच्या तिपटीहून जास्त आहे. तिकडे वादळाआधी धुळीची भिंत शहरावर चालून येते आणि मागून पाऊस आला की वाळवंटातल्या क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास सुटतो. तुमच्याकडे पहिली सर पडली की काळ्या रानाचा वास त्याला लिहून कळवा, आणि त्याच्याकडचा विचारून घ्या. ही देवघेव पैजेपेक्षा जास्त टिकेल.

प्रश्न : मी चिपळूणचा. पुण्यात शिकताना मॉरिशसच्या एका मराठी मुलाशी दोस्ती झाली, ती अजून आहे. आम्ही जून-जुलैत फोनवर बोलतो तेव्हा तो थंडी वाजते म्हणतो आणि मी पाऊस सांगतो. दोघांनाही एकमेकांचं पटत नाही. समुद्रातल्या गरम बेटावर थंडी कशी? — एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, तुमच्या मित्राचं खरं आहे, आणि त्याच्या थंडीचा तुमच्या पावसाशी सख्खा संबंध आहे.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात, साधारण २० अंश अक्षांशावर. जुलै-ऑगस्ट हा तिथला हिवाळा. किनाऱ्यावर दिवसा २४-२५ अंश असतात, पण तुमचा मित्र क्युरपीपसारख्या मधल्या पठारावरच्या गावात राहत असेल तर झिमझिम पाऊस, धुकं आणि सतत वारा. अंगात गरम कपडा घालूनच तो बोलत असणार. हा वारा आग्नेयेकडून येतो. बेटाच्या दक्षिणेला, हिंदी महासागरावर या दिवसांत हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा तयार होतो. मॉरिशस ज्या द्वीपसमूहात मोडतं त्याच्याच नावानं त्याला मस्कारीन हाय म्हणतात. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वळतात, अरबी समुद्रावरून पाणी उचलतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन सह्याद्रीला धडकतात. म्हणजे त्याच्या अंगणात ज्या वाऱ्यानं शहारा आणला, त्याच वाऱ्याचं घराणं पुढे तुमची वाशिष्ठी नदी भरून वाहायला लावतं. तो म्हणाला, 'फार वारा सुटलाय,' तर तुम्ही त्याला सांगा, 'येऊ दे, आमच्या लावणीला हवाच आहे.'

आंब्याचंही विचारा. आपला हापूस संपत येतो तेव्हा त्याच्याकडे मोहरसुद्धा नसतो. तिथे आंबा आणि लिची नोव्हेंबर-डिसेंबरात येते, ऐन उन्हाळ्यात. मे महिन्यात तुम्ही त्याला अढीचं सांगा, डिसेंबरात तो तुम्हाला सांगेल. एका वर्षात दोन हंगामांची चव बोलण्यातून तरी मिळते.

वादळाच्या दिवसांत मात्र जास्त बोला. त्याच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम असतो; एक ते चार असे चढत्या धोक्याचे इशारे दिले जातात आणि चौथ्याला कुणीही घराबाहेर पडत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पोफळी आणि नारळ कसे झोपले, ते तुम्ही पाहिलं असेल. ऊस आडवा झालेलं शेत बघणारा माणूस ते लगेच समजेल. त्याचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून त्याच उसाच्या मळ्यांवर कामाला गेले असण्याचा संभव मोठा आहे. त्याच्याकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. यंदा विसर्जनाला समुद्राचं पाणी किती गार होतं, ते विचारा.

प्रश्न : मी सातवीत आहे, रत्नागिरीला राहतो. माझा मित्र त्याच्या आईबाबांबरोबर स्वीडनला, स्टॉकहोमला गेला. तो म्हणतो तिथे रात्री दहालासुद्धा सूर्य असतो. मी त्याला आपल्याकडच्या सूर्याचं काय सांगू?

उत्तर : शाब्बास, तुझा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. त्याचं खरं आहे. जूनच्या शेवटी स्टॉकहोमला सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे साडेतीनला परत हजर. झोपताना तो जाड काळे पडदे लावत असेल, विचार त्याला.

तू त्याला सावली सांग. दोघांनी एक-एक मीटरची सरळ काठी घ्या. २५ मेच्या आसपास, ढग नसतील तो दिवस ठरवा. दुपारी साडेबारा ते एकच्या मध्ये आपापल्या घड्याळानं काठी जमिनीवर उभी धरा आणि दर पाच मिनिटांनी सावली मोजा. सर्वांत आखूड येईल तो आकडा लिहा. तुझी सावली जेमतेम सात सेंटिमीटरच्या आसपास येईल, त्याची पाऊण मीटरहून मोठी. आता नीट बघ, तुझी सावली कोणत्या दिशेला पडली? दक्षिणेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यातच सूर्य रत्नागिरीच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. तुझ्या मित्राकडे तो भर दुपारीही दक्षिणेलाच, म्हणून त्याची सावली उत्तरेला. काठीसाठी आजोबांची छत्री चालणार नाही, टोक वाकडं असतं. दोघांचे आकडे, तारीख आणि वेळ एका कागदावर लिहून मला पाठव. पुढच्या अंकात ते याच पानावर छापू.